जॅकेटवर नाव कुणाचं?

हौस म्हटली की फोटोग्राफी, ट्रेकिंग, गिटार वगैरे गोष्टी डोळ्यांसमोर येतात. आम्हा आयटीवाल्यांत हल्ली मॅरेथॉन धावणं आणि घरी पाव भाजणं हेही त्यात आलंय. माझी हौस जरा आडवळणाची आहे. मी विकांताला चामड्याची जॅकेटं शिवतो. त्यातही वाट्टेल ती नाही, एकच: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक घालायचे ते 'ए-२' जॅकेट. गेल्या चार वर्षांत तीन झाली. चौथं सध्या टेबलावर तुकड्यातुकड्यांत पडलंय.

यावर दोन प्रकारचे प्रश्न येतात. इथले, म्हणजे ओहायोतल्या हापिसातले सहकारी विचारतात, "वा, हे तू स्वतः शिवलंस? विकणार का?" आपली मंडळी विचारतात, "हे असलं कुठे शिकलास?" आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "आडनाव काय म्हणालात?" आजचं लिखाण या दोन प्रश्नांबद्दल आहे. पण आधी जॅकेटबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल.

ए-२ अधिकृत झालं ते ९ मे १९३१ ला. अमेरिकेच्या आर्मी एअर कोअरकडे त्याआधी १९२७ पासून ए-१ होतं. त्याला पुढे बटणं आणि गळ्याशी विणलेली कॉलर. ए-२ मध्ये बटणं जाऊन चेन आली, कॉलर चामड्याची झाली आणि तिची टोकं वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून तिथे टिचबटणं आली. मनगटांना आणि कमरेला विणलेली लोकरी पट्टी, खांद्यांवर चामड्याच्या पट्ट्या, पुढे झाकणवाले दोन खिसे. पाठ मात्र एकाच अखंड तुकड्याची, मधे कुठेही जोड नाही. बहुतेक जॅकेटं घोड्याच्या चामड्याची असत, काही बकऱ्याच्या.

आता आपल्या धंद्यातल्या लोकांना आवडेल अशी गोष्ट. स्पेसिफिकेशन एकच होतं, ड्रॉइंग नंबर ३०-१४१५. पण ते इम्प्लिमेंट करणारे व्हेंडर बरेच. पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनची 'रफ वेअर', न्यूयॉर्क राज्यातल्या बीकनची 'एअरो लेदर', शिकागोची 'डुबो', जी एरवी खेळाचं सामान बनवायची. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने कागदी कटिंग काढलं. त्यामुळे कुणाची कॉलर टोकदार, कुणाची गोलसर, कुणाच्या खिशाचं झाकण सरळ, कुणाचं नागमोडी. जाणकार माणूस जुन्या फोटोतली नुसती कॉलर बघून कंपनी सांगतो. एका इंटरफेसची डझनभर इम्प्लिमेंटेशन्स, सगळी टेस्ट पास झालेली, आणि तरी प्रत्येकाचं वळण वेगळं. मला या जॅकेटाचा नाद लागला तो इथेच.

१९४३ मध्ये सैन्याने चामड्याच्या जॅकेटांच्या नव्या ऑर्डरी थांबवल्या आणि कापडी जॅकेटांकडे मोर्चा वळवला. वैमानिकांनी मात्र आपली जुनी जॅकेटं सोडली नाहीत. १९६३ च्या 'द ग्रेट एस्केप'मध्ये स्टीव्ह मॅक्वीनच्या अंगावर ए-२ होतं आणि १९८८ मध्ये अमेरिकन हवाई दलाने ते बकऱ्याच्या चामड्यात पुन्हा सुरू केलं. मी कोलंबसला राहतो. तिथून सव्वा तासावर डेटनचं हवाई दलाचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. युद्धातली खरी जॅकेटं तिथे काचेमागे टांगलेली आहेत. कॉलरीचं वळण बघायला मी तिथे इतक्यांदा गेलोय की पहारेकऱ्याला मी चोरीचा बेत आखतोय असं वाटत असेल :-)

भारताशीही या जॅकेटाचा एक धागा आहे. १९४२ ते १९४५ या काळात आसाममधल्या चाबुआसारख्या तळांवरून अमेरिकन विमानं हिमालयाच्या डोंगररांगा ओलांडून चीनला सामान न्यायची. त्या वैमानिकांच्या जॅकेटांवर 'चायना-बर्मा-इंडिया'चं चिन्ह असायचं. त्यातली कितीतरी चिन्हं भारतातल्या बाजारातल्या कारागिरांनी हाताने केलेली आहेत, काही तर रंगीत चामड्याचे बारीक तुकडे जोडून. आज संग्राहक त्यांच्यासाठी चांगले पैसे मोजतात. वर्णनात लिहिलेलं असतं, "भारतात बनवलेलं". बस, एवढंच.

आता शिवण्याबद्दल. चामडं आणि कापड यांत मोठा फरक असा की चामड्याला भोक पडलं की पडलं. कापड उसवून पुन्हा शिवता येतं. चामडं उसवलं तर सुईच्या भोकांची रांग तशीच राहते. टाचण्या लावता येत नाहीत, चिमटे लावायचे. म्हणून आधी सगळं जॅकेट मांजरपाटात शिवून अंगावर घालून बघायचं. हा आपला स्टेजिंग सर्व्हर. सगळं मनासारखं बसलं की मगच चामड्याला हात लावायचा.

एका जॅकेटला साधारण तीस चौरस फूट चामडं लागतं आणि ते कापडासारखं सरसकट एकसारखं नसतं. पोटाकडचा भाग ताणतो, पाठीकडचा घट्ट असतो, मधेच कुठे जनावर जिवंत असताना लागलेल्या काट्याचा ओरखडा असतो. त्यामुळे कापडाच्या थप्पीसारखं एकदम कापता येत नाही. एकेक तुकडा जागा निवडून कापायचा. सगळ्यात चांगली जागा पाठीला, कारण ती अखंड. मग कडा रापीने तासून पातळ करायच्या, गोंद लावून दुमडायच्या, हातोडीने ठोकून सपाट करायच्या आणि मग टीप मारायची. घरगुती मशीन इथे चालत नाही, कारण त्याचा प्रेसर फूट चामड्याला चिकटतो आणि वरचा थर मागे राहतो. वरचा पायही सुईबरोबर चालणारं जुनं कारखान्यातलं मशीन मी सेकंडहँड घेतलं. टीप इंचाला आठ ते दहा टाके. त्याहून दाट घेतली की पोस्टाच्या तिकिटांसारखं होतं, ओढलं की भोकांच्या रेषेवर टर्रकन फाटतं.

तिसऱ्या जॅकेटाला मी तासांची नोंद ठेवली (टाइमशीट भरायची सवय, दुसरं काय). सत्तर तास झाले. चामडं, चेन, अस्तर, विणलेल्या पट्ट्या मिळून साडेचारशे डॉलर. जपान आणि इंग्लंडमधल्या नावाजलेल्या कंपन्या अशी जॅकेटं हजार डॉलरच्या वर विकतात. समजा मला कुणी हजार दिले. मालाचे वजा करून उरले साडेपाचशे, भागिले सत्तर. तासाला आठ डॉलरही नाहीत. ओहायोचं किमान वेतन याहून जास्त आहे. मशीनची किंमत आणि जागेचं भाडं यात धरलेलंच नाही. "विकणार का?" या प्रश्नाचं उत्तर या भागाकारात आहे.

आता दुसरा प्रश्न, कुठे शिकलास.

माझे आजोबा कराडला एसटी स्टँडबाहेर बसायचे. चपला, बूट, दप्तरांचे पट्टे, येईल ते शिवायचे. समोर लोखंडी साचा, पाण्याची कुंडी, रापी, आरी, मेण लावलेल्या दोऱ्याचा गुंडा. तीसेक वर्षं एकाच जागी. त्यांना नाव होतं, चांगलं भारदस्त. पण गिऱ्हाईक हाक मारायचं ते "ए चांभार" अशीच. आजोबांनी बाबांना शिकवलं आणि सक्त ताकीद दिली की रापीला हात लावायचा नाही. बाबा सरकारी कचेरीत क्लार्क झाले, मी इंजिनियर झालो. तेव्हा कुठे शिकलो याचं खरं उत्तर असं, की घरी नाही. घरी ते न शिकण्याचीच शिकवण होती. शिकलो ते पुस्तकांवरून, व्हिडिओ बघून आणि जुनी जॅकेटं न्याहाळून.

पहिलं जॅकेट झालं तेव्हा मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आईने लगेच अंगठा दाखवला. बाबांचं दोन दिवस काहीच नाही. रविवारी फोनवर म्हणाले, "त्यातून बाहेर यायला तीन पिढ्या गेल्या रे. तू हौसेने परत गेलास."

या वाक्यावर मी बराच काळ विचार करतोय. बाबांचं दुःख खोटं नाही. पण मला वाटतं, मी परत गेलेलो नाही, आणि का नाही हे नीट सांगितलं पाहिजे. कारण याच ठिकाणी बरीच शहाणी माणसं घसरतात.

आजोबा स्टँडबाहेर बसले कारण दुसरीकडे कुठे बसायची सोय नव्हती. मी मशीनवर बसतो ते शनिवारी, पोटभर नाश्ता करून. कंटाळा आला की उठतो. महिनाभर हात लावला नाही तरी माझ्या घरात कुणी उपाशी राहत नाही. चामडं तेच, टाका तोच. फरक एवढाच की मला नको म्हणता येतं. हा फरक लहान नाही, सगळा फरक तोच आहे. म्हणून कुणी मित्र भावुक होऊन म्हणतो, "हाताने काम करण्यात काय समाधान आहे यार, नोकरी सोडून हेच करावं," तेव्हा मी त्याला वरचा भागाकार दाखवतो. माझ्या समाधानाचा खर्च माझा पगार उचलतो. ज्याला त्याच टाक्यावर घर चालवायचंय त्याच्याशी मी स्वतःची तुलना केली, तर ती त्याची थट्टा होईल. "आपल्या मुळांकडे परतलास" असंही एकाने कौतुकाने म्हटलं. मुळं वगैरे काही नाही हो. आजोबांना ती मुळं तोडायची होती, आणि त्यांनी ती फार कष्टाने तोडली.

पण याचा अर्थ ते काम हलकं होतं असाही नाही. ते अवघड होतं. हे मला सत्तर तासांनी शिकवलं. एक कॉलर दोन्ही बाजूंनी सारखी वळायला किती नजर लागते, ते आता कळतं. शाळेत 'श्रमप्रतिष्ठा' हा निबंधाचा विषय होता. सगळे छान लिहायचे आणि सुटी झाली की चपलेचा अंगठा शिवायला आठ आणे जास्त मागितले म्हणून हुज्जत घालायचे. कमीपणा कामात नव्हता. तो काम करणाऱ्याला बाहेरून चिकटवलेला होता आणि वर तो जन्माने ठरलेला होता.

डेटनच्या संग्रहालयात एक गोष्ट मला फार खटकते. त्या जॅकेटांवर नावंच नावं असतात. छातीवर डाव्या बाजूला पट्टीवर वैमानिकाचं नाव. पाठीवर रंगवलेलं विमानाचं नाव आणि प्रत्येक मोहिमेमागे एक छोटा बाँब. मानेशी लेबलवर कंपनीचं नाव, ड्रॉइंग नंबर, ऑर्डर नंबर. चेनच्या पट्टीवर चेनवाल्या कंपनीचं नाव. अस्तरावर तपासनिसाचा शिक्कासुद्धा. ज्याने किंवा जिने मशीनवर बसून ते शिवलं, त्या व्यक्तीचं नाव लेबलवर नाही. आज आम्ही हौशी लोक त्या शिवणाऱ्यांच्या हाताचं वळण भिंगातून बघतो, त्याची नक्कल करतो, आणि त्यांना ओळखतो मात्र मालकाच्या नावाने.

तिथे शिवणाऱ्याला नाव नव्हतं. आपल्याकडे त्याच्या नावाच्या जागी जात होती. यातलं वाईट कुठलं हे मला विचाराल तर दुसरं. कारखान्यातली बाई संध्याकाळी घरी गेली की शिवणकाम मागे राहायचं. आजोबा घरी आले तरी चांभारच असायचे, आणि देवळाच्या दारातही.

हे सगळं जुनं झालं असं म्हणणाऱ्यांसाठी एक ताजी गोष्ट. काही महिन्यांपूर्वी एका कॉलवर आपलाच एक मराठी सहकारी क्लायंटबद्दल वैतागून मला म्हणाला, "काय रे याच्या चांभारचौकश्या!" त्याच्या मनात काही नव्हतं, ते मला माहीत आहे. तोंडात बसलेला शब्द. पण गंमत बघा, क्लायंट विचारत होता तो प्रश्न अगदी रास्त होता. कुठे जोड उसवू शकेल हेच तो विचारत होता. चांगला चांभार हेच विचारतो. मी म्यूटवर होतो, म्यूटवरच राहिलो. आज इथे म्हणतोय: तो शब्द सोडा. 'नसत्या चौकश्या' म्हणा, काही अडत नाही.

दुसरी गोष्ट जून २०२५ ची. प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला भारताचं नावही घेतलं नाही. आपण सगळे पेटून उठलो. मीही. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. राग योग्यच होता. पण त्या आठवड्यात संतापाने लिहिणाऱ्या किती जणांनी कोल्हापुरी घेताना शंभर रुपये कमी करून घेतले नसतील? कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत, आमचा साताराही आहे. चांगलंच झालं. पण तिथेही नाव मिळालं ते चपलेला. चप्पल कुणी शिवली हे घेणारा आजही विचारत नाही. इटलीवाल्यांनी आपलं नाव घेतलं नाही याचा आपल्याला राग येतो, आणि आपण स्वतः ते नाव कधी विचारलेलं नसतं.

मला कुणाला उपदेश करायचा नाही (म्हणजे करायचाच आहे, पण थोडक्यात). हाताच्या हौशी वाढताहेत, फार चांगलं आहे. कुणी सुतारकाम करतंय, कुणी मातीची भांडी. या हौशीतून एक गोष्ट तरी शिकावी: तास मोजायला. एका जॅकेटाला सत्तर तास लागतात हे ज्याला हाताने कळलंय, त्याने बॅगेचा बंद शिवून घेताना वीस रुपयांसाठी घासाघीस करू नये. आपल्याला तासाचा दर कसा लावतात ते चांगलं ठाऊक आहे, क्लायंटला आपण पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब देतो. तोच हिशेब रस्त्यावर बसलेल्या माणसालाही लावावा. आणि त्याला नाव विचारावं. पहिल्यांदा जरा अवघडल्यासारखं होतं, त्यालाही आणि आपल्यालाही. दुसऱ्या खेपेला होत नाही.

गेल्या दिवाळीत मी तिसरं जॅकेट घरी घेऊन गेलो होतो. बाबांनी ते घातलं नाही. हातात घेतलं आणि पहिल्यांदा उलटं केलं. आतली शिवण बघितली, मग खिसा, मग खांदा. मला विचारलं, "टाके इंचाला किती घेतोस?"

"नऊ, बाबा."

"बरोबर आहे. खिशाच्या कोपऱ्यावर टीप दुहेरी घेत जा. फाटायला तिथनंच सुरुवात होते."

म्हणजे हात लावायला बंदी होती, बघायला नव्हती. एवढी वर्षं ते सगळं डोक्यात होतं आणि बोलायची सोय नव्हती, कारण बोललं की ओळख पटते. आईने विषय बदलून चकल्या पुढे केल्या. कराडातल्या आमच्या गल्लीत जॅकेटाइतकी थंडी नसतेच, त्यामुळे ते कपाटात गेलं. बाबांनी ते हँगरला लावलं, घडी घातली नाही. चामड्याला घडी घालत नाहीत.

माझ्या तिन्ही जॅकेटांना आत लेबल नाही. चौथ्याला लावणार आहे, जुन्या लेबलांच्याच धर्तीवर: टाइप ए-२, ड्रॉइंग नंबर ३०-१४१५, साल. कंपनीच्या जागी शिवणाऱ्याचं नाव. आपल्या पद्धतीने पूर्ण लिहिणार. आधी माझं, मधे बाबांचं, आणि शेवटी आडनाव, जे सांगताना मी कॉलेजात आवाज जरा खाली घ्यायचो ते.

असो. उजवी बाही अजून खांद्याला नीट बसत नाहीये. आधी ती बसू दे, लेबलाचं पुढच्या विकांताला बघू.